वैरी पडला तर हसायचं की गप बसायचं? बायबलात दोन्ही सापडलंय आणि आमच्या घरात भांडण लागलंय

मलप्रभेकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण घरात दोन पार्ट्या पडल्यात आणि दोघांच्याही हातात बायबलच आहे.

झालंय असं की आमच्या खानापूर तालुक्यातल्या रानात बांधावरनं केस चालू होती. साडेतीन गुंठे, अकरा वर्षं. समोरची पार्टी परकी नाही, भाऊकीच आहे, बाबांचे चुलतभाऊ. चर्च पण एकच, ते डावीकडच्या बाकावर, आम्ही उजवीकडच्या. मागच्या आठवड्यात निकाल आमच्या बाजूनं लागला. आमच्या काकांनी बेळगावातनं येताना पाच किलो कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) आणला आणि लवंगी फटाक्यांची माळ, आणि ती माळ लावली कुठं तर बरोबर समोरच्या पार्टीच्या दारासमोर.

आई जाम तापली. बायबलातलं नीतिसूत्रे २४:१७ (म्हणजे अध्याय २४, वचन १७) काढून काकांसमोर धरलं, तुझा वैरी पडला तर आनंद करू नको. काका काय कमी आहेत काय, ते म्हणाले वहिनी तुम्ही स्तोत्र ५८ चं १० वं वचन काढा, नीतिमान माणूस सूड झालेला बघून हर्ष करील, दुष्टाच्या रक्तात पाय धुईल, मी तर नुसती माळ लावली, पाय घरीच धुतले.

त्यावर आईकडं उत्तर नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं पण नाही. एकाच पुस्तकात दोन्ही कसं काय? सूड घेणं माझं काम असं देव म्हणतो, मग वैऱ्यांनी डोळे काढलेला पहिलवान शमशोन मरताना माझ्या दोन डोळ्यांचा सूड घेऊ दे म्हणतो तर त्याला ताकद का देतो? जाणकारांनी सांगा. प्रवचन नको, खरंच विचारतोय.

कुंदा_एक_किलो
आधी हे सांगा पाच किलोतला उरलाय किती. बाकी धर्मचर्चा मग करू.

वकिलीण_टिळकवाडी
वचनांचं जाणकार बघतील. मला एवढंच सांगायचंय की पहिल्या अपिलाची मुदत जिल्हा कोर्टात ३० दिवस असते, त्यात निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस धरत नाहीत. माळ जरा लवकर लागली असं वाटतंय.

अक्काताई
मी तीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं, त्यामुळं हा प्रश्न दरवर्षी कुठल्यातरी आगाऊ पोरानं विचारलेलाच असायचा.

काकांना सांग, स्तोत्रसंहितेपर्यंत जायची पण गरज नाही, भांडण नीतिसूत्र्यांतच आहे. ११:१० काढ. दुष्टांचा नाश झाला की नगरात जयघोष होतो. आणि २४:१७ मध्ये आनंद करू नको. एकच पुस्तक! मी माझ्यापुरता फरक असा लावते की पहिल्यात नगर आहे आणि दुसऱ्यात तू आहेस. गावाला छळणारा सावकार गेला तर अख्खी पेठ सुटकेचा श्वास टाकते, त्यांना कोण काय बोलणार. पण तुझा स्वतःचा, तुझ्या भाऊकीतला माणूस पडला आणि तू दात काढलेस तर ती गोष्ट निराळी.

आता गंमत ऐका. २४:१७ सगळे सांगतात, पुढचं १८ वं कोण वाचत नाही. त्यात कारण दिलंय: नाहीतर परमेश्वर ते बघेल, त्याला ते आवडणार नाही आणि तो आपला राग त्याच्यावरनं काढून घेईल. म्हणजे तू हसलास तर वैऱ्याची शिक्षा थांबेल! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाच हसू आलेलं, म्हणजे वैऱ्याला नीट पुरती शिक्षा व्हावी म्हणून गप बसायचं काय? पाळकसाहेबांना विचारलं तर ते पण हसले आणि चहा मागवला.

निपाणीचा_नास्तिक
अक्काताई तुमचा मान राखून बोलतो, पण हे नगर आणि तू वगैरे जुळवाजुळव झाली. सरळ सांगा की बाबा हजारएक वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं पुस्तक आहे, एकाला असं वाटलं, दुसऱ्याला तसं. विसंगती आहे तर आहे.

आणि फक्त सूडाचं नाही, विजयाचं पण तेच. यहोशवा ११:२३ म्हणतं इस्राएलांच्या पुढाऱ्यानं, यहोशवानं, सगळा देश घेतला, लढाई थांबली. दोन पानं उलटा, १३:१, देव त्यालाच म्हणतो तू म्हातारा झालास आणि अजून पुष्कळ देश घ्यायचा राहिलाय. शास्ते १:१९ तर भारीच, देव यहूदाच्या टोळीबरोबर होता, डोंगराळ मुलूख घेतला पण खोऱ्यातल्या लोकांना हुसकावता आलं नाही कारण त्यांच्याकडं लोखंडी रथ होते. सगळं जग बनवणारा देव सोबत आणि अडलं कुठं तर लोखंडापाशी.

कुंदा_एक_किलो
ते खरं आहे बघा. आमचा पण चोर्ला घाटात डोंगर चढून झाला की पुढं लोखंडी ट्रक आडवा असतोय, सगळी प्रार्थना तिथंच संपते.

चिकोडी_एक्सप्रेस
@नास्तिक, यहोशवा १७:१८ मध्ये लोखंडी रथ असले तरी हुसकावशील असं यहोशवानं दुसऱ्या टोळीला सांगितलंय, ते पण जोडा तुमच्या यादीत, मदत करतोय तुमची 😄

मी कॅथलिक, लहानपणापासून कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही भाषांतल्या मिसा (चर्चमधली उपासना) ऐकत वाढलो. काकांना एक निरोप द्या. त्यांचं लाडकं ५८ वं स्तोत्र आमच्या दैनिक प्रार्थनाविधीत नाहीच. पोप पॉल सहावे यांच्या काळात १९७१ ला नवीन प्रार्थनाविधी आला त्यात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली, आणि १३७ चा शेवट कापला, तेच ते बाबेलच्या तान्ह्या पोरांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारं. बायबलात आहेत, पण मोठ्यानं प्रार्थना म्हणून म्हणायची नाहीत.

निपाणीचा_नास्तिक
बघा! चर्चलाच लाज वाटली. माझी केस इथंच संपते.

अक्काताई
संपत नाही. आणि मला ते वगळणं पटत पण नाही, कॅथलिक बंधूंनी राग मानू नये.

१३७ कोण म्हणतंय ते बघा. यरुशलेम जळलेलं, मंदिर पाडलेलं, माणसं धरून बाबेलला नेलेली, ख्रिस्तपूर्व ५८६ च्या आसपासची गोष्ट. नदीकाठी बसलेत आणि पकडणारे म्हणतायत तुमच्या देवाची गाणी म्हणा, करमणूक करा आमची. अशा माणसाच्या तोंडातनं काय निघणार? ज्यांनी त्याची पोरं आपटली असतील त्यांच्याबद्दलच तो बोलतोय. ती देवाची आज्ञा नव्हे, ते माणसाचं रडणं आहे, आणि देवासमोर केलंय, तलवार घेऊन नव्हे. माझ्या शेजारच्या बाईचा तरणा पोरगा दारूच्या नशेतल्या ट्रकवाल्यानं उडवला. ती दोन वर्षं रोज त्या ट्रकवाल्याच्या घराला शाप द्यायची, माझ्या स्वयंपाकघरात बसून. मी तिला थांबवलं नाही. तिनं कुणाला दगड मारला नाही, सगळं तिथंच ओतलं. ती पानं कापली तर तिनं काय म्हणायचं होतं सांगा?

नर्सबाई
अक्काताई 🙏 याच्यावर काय बोलावं.

मी सहा वर्षं इस्राएलमध्ये एका आजीची देखभाल करायला होते. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातनं (इजिप्तमधनं) सुटल्याच्या यहुदी सणाच्या जेवणाला मला पण टेबलावर बसवायचे. मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यात बोट बुडवून द्राक्षारसाचा एकेक थेंब ताटलीत सांडतात. मी विचारलं हे कशाला, तर आजी म्हणाली आपण सुटलो पण त्यांची माणसं मेली, मग आपला पेला काठोकाठ भरलेला कसा ठेवायचा. आणि त्यांच्यात एक जुनी गोष्ट पण आहे, तांबड्या समुद्रात फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं सैन्य बुडताना देवदूत गायला उठले तर देव म्हणाला माझ्या हातची लेकरं बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणता?

निर्गम १५ मध्ये तर ते सैन्य बुडाल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचते. नाचणं पण त्यांचंच आणि थेंब सांडणं पण त्यांचंच.

सुभेदार_निवृत्त
मी ख्रिश्चन नाही, मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, सेंटर आपल्या बेळगावातच. विषय विजयाचा आहे म्हणून दोन शब्द.

पोस्ट घेतल्यावर घोषणा होतेच, महाराजांचं नाव घेतल्याशिवाय छाती भरत नाही. ती थांबवायला सांगणारा माणूस तिथं कधी उभा राहिलेला नसतो. पण १९९९ ला कारगिलमध्ये समोरच्या देशानं आपलेच जवान म्हणून घ्यायला नकार दिलेल्या प्रेतांना आपल्या फौजेनं त्यांच्या धर्माप्रमाणं दफन केलं, मौलवी बोलावून. घोषणा देणारी आणि खड्डा खणणारी माणसं एकच होती. यात आम्हाला कधी विसंगती वाटली नाही. एक सकाळचं काम, एक संध्याकाळचं.

अक्काताई
सुभेदारसाहेब, मग तुम्हाला दावीद राजा आवडेल. त्याच्या आधीचा राजा शौल त्याला मारायला रानोरान हिंडत होता, गुहेत आयता सापडला, तर यानं नुसता झग्याचा काठ कापला आणि त्याचं पण वाईट वाटून घेतलं. शौल मेला तेव्हा रडला. बंडखोर पोरगा अबशालोम मेला तेव्हा तर इतका रडला की लढाई जिंकलेलं सैन्य हरल्यासारखं खाली मान घालून चोरपावलांनी गावात शिरलं.

सुभेदार_निवृत्त
ते मला नाही आवडलं. जीव धोक्यात घालून जवानांनी राज्य वाचवलं आणि राजा रडत बसला? कुणीतरी खडसवायला पाहिजे होतं.

अक्काताई
खडसावलं की! सेनापती यवाबानं. म्हणाला तुझ्यावर प्रेम करणाऱ्यांचा तू द्वेष करतोस, उठ, बाहेर जा, नाहीतर रात्रीपर्यंत एक माणूस तुझ्याजवळ राहायचा नाही. २ शमुवेल १९.

सुभेदार_निवृत्त
यवाब बरोबर.

अनगोळचा_वारकरी
आमच्याकडं तरी काय वेगळं आहे. भीमानं दुःशासनाची छाती फोडून रक्त प्यायलं ते कीर्तनात आलं की लोक टाळ्या वाजवतात, आणि त्याच कीर्तनाच्या शेवटी पसायदान म्हणतात, ज्यात दुष्ट मरोत असं मागणं नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावो असं आहे. टाळ्या वाजवणारे हात तेच जोडलेले. मी बायबलवाल्यांना हसणार नाही बाबा.

कित्तूर_रोड
आपल्या भागातलंच उदाहरण घ्या की. कित्तूरचा उत्सव दर ऑक्टोबरात होतो, २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या फौजेनं कंपनीची फौज हरवली, कलेक्टर थॅकरे पडला, त्याचा. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले आणि किल्ला गेला. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ ला फाशी दिली ती आपल्या खानापूर तालुक्यात नंदगडला. पण राणीनं ऑक्टोबरात इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन गोरे अधिकारी पकडलेले, त्यांना मारलं नाही, पुढं लढाई होणार नाही या बोलीवर सोडून दिलं. बोली समोरच्यानं पाळली नाही ही गोष्ट वेगळी. आता राणी चुकली काय? सूड घेतला असता तर किल्ला राहिला असता काय? दोन्हीचं उत्तर मला तरी नाही असंच वाटतं.

रोखठोक_बेळगावकर
समोरच्यावर विश्वास ठेवला की असंच होतंय. १९५६ पासून बघूलोय आम्ही.

प्रशासक
या धाग्यात सीमाप्रश्न नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत, सध्या सतरा.

चिकोडी_एक्सप्रेस
कित्तूरवरनं आठवलं, २ राजे ६. अरामी सैन्य इस्राएलच्या अलीशा संदेष्ट्याच्या मागावर येतं, आंधळं होऊन सरळ इस्राएलच्या राजधानीत, शोमरोनात, शत्रूच्या मध्यभागी येऊन पडतं. राजा उड्या मारतोय, मारू काय, मारू काय? अलीशा म्हणतो जेवायला वाढ आणि घरी पाठव. मोठी मेजवानी देतात आणि त्या टोळ्या परत येत नाहीत.

निपाणीचा_नास्तिक
पुढचंच वचन वाचा. २४ वं. यानंतर अरामाच्या राजानं सगळं सैन्य गोळा करून शोमरोनाला वेढा घातला. वचन संपायच्या आत मेजवानी पचली 😂

आणि तुम्ही सगळे सोपी सोपी उदाहरणं घेताय. अवघड देतो. इस्राएलचा राजा येहू. २ राजे १० मध्ये आधीच्या राजाचं, अहाबाचं, अख्खं घराणं कापून काढतो, सत्तर पोरांची मुंडकी टोपल्यांत, आणि ३० व्या वचनात देव त्याला शाबासकी देतो, माझ्या मनातलं केलंस, तुझ्या चार पिढ्या गादीवर बसतील. आता होशेय संदेष्ट्याचं पुस्तक, १:४ उघडा. तोच देव म्हणतो इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा करीन. हे सोडवा.

अक्काताई
हे मी पण सोडवू शकले नाही. काही जण म्हणतात येहूनं सांगितल्यापेक्षा जास्त रक्त सांडलं, यहूदाच्या राजाला पण मारलं, त्याचे भाऊबंद मारले. काही जण म्हणतात काम देवाचं पण हौस स्वतःची. मला दोन्ही अर्धवट वाटतात. होशेयाच्या काळापर्यंत शंभरेक वर्षं गेलेली, त्या रक्ताचा वास कुणालातरी परत आला असेल एवढंच मी म्हणेन.

वकिलीण_टिळकवाडी
मला एक राहवत नाही. डोळ्याबद्दल डोळा हे सगळे सूडाचं वचन समजतात. ती तर मर्यादा आहे हो. एका डोळ्याला एकच, दोन नाही, घर जाळायचं नाही. उत्पत्ती ४ मध्ये लामेख बायकांसमोर फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्याहत्तरपट. त्या माणसाच्या पुढं एकाला एक ही केवढी सुधारणा आहे. मग मत्तय १८ मध्ये पेत्र विचारतो भावाला कितीदा क्षमा करू, सातदा? तर येशू म्हणतो सातदा नाही, साताच्या सत्तर वेळा. लामेखाचाच हिशोब, फक्त उलटा फिरवलेला. माझ्याकडं येणारे पक्षकार अजून लामेखापाशीच आहेत, फी पण तिथंच मिळते म्हणा.

चिकोडी_एक्सप्रेस
वा मॅडम. उलटा फिरवलेलावरनं, लूक ४ बघा. येशू नासरेथच्या सभास्थानात यशया ६१ वाचतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, आणि तिथं गुंडाळी मिटून खाली बसतो. मूळात वाक्य संपलेलंच नाही, पुढं आहे आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस. अर्ध्या वाक्यावर थांबला. ऐकणाऱ्यांना ते पाठ असणार.

निपाणीचा_नास्तिक
आणि शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात सगळा बाकीचा सूड व्याजासकट. ६:१० मध्ये वेदीखालचे आत्मे ओरडतायत आमच्या रक्ताचा सूड कधी घेणार, १८:२० मध्ये बाबेल पडली, आनंद करा.

नर्सबाई
पण ते विचारतायत हो, कधी घेणार म्हणून. स्वतः उठले नाहीत. रोमकरांस पत्र १२:१९ हेच म्हणतं ना, सूड घेऊ नका, जागा सोडा, ते देवाचं काम.

कुंदा_एक_किलो
आणि पुढचं २० वं? वैरी भुकेला असेल तर खायला घाल म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील. म्हणजे जेवायला बोलावून डोक्याला आग लावायची. माझी सासू हे गेली बारा वर्षं करूलीय.

अक्काताई
हात जोडते बाबा तुला. पण निखाऱ्यावरनं आठवलं, आमच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायचे, चूल विझली तर शेजारणीकडनं खापरीत निखारा मागून आणायचा. भांडण असलं तर ती द्यायची नाही. म्हणून मला ते वचन कधी शिक्षेचं वाटलंच नाही, पुढं पंडित लोक लाजेनं डोकं तापणं म्हणतात ते वाचलं. माझा अर्थ चुकीचा असेल, पण मला खापरीच दिसते.

मलप्रभेकाठचा
सगळं वाचतोय, आईला पण वाचून दाखवतोय. आई अक्काताईंच्या पार्टीत, काका यवाब आणि लामेखाच्या.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. आमचे आजोबा गेले तेव्हा काकांचा हात धरून शेवटचं जे बोलले ते असं, बांध सोडू नको. देवाचं नाव पण मग घेतलं. काका अकरा वर्षं ते एकच वाक्य घेऊन तारखांना गेले. पाऊस असो, भात लावणी असो.

वकिलीण_टिळकवाडी
१ राजे २. दावीद मरताना पोराला, शलमोनाला सांगतो, शिमीनं मला शाप दिलेला, मी त्याला मारणार नाही अशी शपथ घातली होती, पण तू शहाणा आहेस, त्याचे पिकलेले केस रक्तानिशी खाली पाठव. तोच दावीद बरं का, झग्याचा काठ कापून हळहळणारा. शपथ पाळली आणि काम वारसाकडं सोपवलं. अशी मृत्युपत्रं मी पाहिलीत.

अक्काताई
माझा दावीद 😔 हे मी पोरांना कधी शिकवलं नाही.

पण @मलप्रभेकाठचा, तुझा मामला भाऊकीचा आहे तर आईला ओबद्या काढायला सांग. एकच अध्याय आहे. यरुशलेम पडली तेव्हा अदोमी हसत उभे राहिले, अदोम म्हणजे एसाव, इस्राएलांचा मूळपुरुष याकोब त्याचा सख्खा भाऊ. १२ वं वचन, आपल्या भावाच्या वाईट दिवशी बघत हसायचं नव्हतंस.

मलप्रभेकाठचा
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय, माफ करा.

वकिलीणबाई, तुमच्या तोंडात कुंदा. काल नोटीस आली. २६ व्या दिवशी अपील टाकलंय, स्टे पण मागितलाय. आईनं काही न बोलता २४:१८ उघडून टेबलावर ठेवलं, अक्काताईंनी सांगितलेलं तेच, हसलास तर देव राग काढून घेईल. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग म्हणाले, म्हणजे माझ्या माळेनं अपील आलं म्हणायचं काय वहिनी?

आई म्हणाली मी काय बोलले का.

रविवारी चर्चला ते डावीकडं, आम्ही उजवीकडंच. काका उपासनेभर वचनं चाळत बसलेले, मला वाटलं ओबद्या, वाकून बघितलं तर शिमी.

वकिलीण_टिळकवाडी
काकांना १ राजे २०:११ दाखवा. लढाईला कंबर बांधणाऱ्यानं लढून कंबर सोडणाऱ्यासारखी फुशारकी मारू नये. मी ऑफिसात लावून ठेवलंय. आणि नोटिसीची प्रत घेऊन वकिलाकडं लवकर पाठवा, वचनांनी हजेरी लागत नाही.

सुभेदार_निवृत्त
लढाई चालू आहे तोपर्यंत दारूगोळा जपून वापरावा. लवंगीसुद्धा.

कुंदा_एक_किलो
मी पहिल्या दिवशी एक साधा प्रश्न विचारलेला, त्याचं उत्तर अजून आलं नाही.

मलप्रभेकाठचा
अर्धा किलो उरला होता. आईनं फ्रीजमध्ये मागं सारून ठेवला आणि विसरली. काल बघितलं, बुरशी आलीय.